टायरवरचे चार आकडे

भाच्याने नवी गाडी घेतली आणि पहिल्याच आठवड्यात किल्ली माझ्या हातात ठेवली. "मावशी, तू चालवून बघ आणि मग खरं खरं सांग," एवढंच म्हणाला. त्याची गाडी एप्रिलियाची आरएस ४५७. माझी कावासाकीची निन्जा ३००, २०१३ची, मीटरवर ४१,००० किलोमीटर. मी त्याची गाडी घेऊन घाटात गेले, दोन तास मनसोक्त फिरवली, परत आले आणि गाडी सुंदर आहे म्हणून त्याला मनापासून सांगितलं. तिथवर सगळं ठीक होतं. मग घरी जायला माझी गाडी काढली आणि पहिल्याच वळणावर माझा चेहरा उतरला.

वळताना हँडल आधी अडून बसायचं आणि मग एकदम आत पडायचं. समोरचा ब्रेक दाबला तर बोटाखाली काहीतरी लिबलिबीत, आणि गाडी थांबायला तयार नाही. कमी वेगात थ्रॉटल उघडला की झटका, सोडला की झटका. रस्त्यातली प्रत्येक भेग मनगटापर्यंत येत होती. दोन तासांपूर्वी याच गाडीवरून मी तिथे गेले होते आणि यातलं काहीही मला जाणवलं नव्हतं. बारा वर्षांत पहिल्यांदाच त्या रात्री मनात आलं, की आता हिला निरोप द्यावा.

तेव्हापासून पुढचे तीन महिने मी एकाच प्रश्नामागे होते. सुरुवातीच्या वर्गातली, वय झालेली स्पोर्ट बाईक आजच्या गाड्यांपुढे उभी राहते का? मी सुरुवात कागदापासून केली, कारण सगळे तिथूनच करतात.

कागदावरचा हिशेब पाच मिनिटांत संपतो. माझं इंजिन २९६ सीसीचं. ३९ पीएस (अश्वशक्तीचंच एक माप) ताकद मिळते ती ११,००० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला इतके फेरे घेतं तेव्हा; २७ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मिळतो तो १०,०००ला. पेट्रोल-ऑइल भरून वजन १७२ किलो. भाच्याची गाडी ४५७ सीसी, ४७.६ पीएस, १७५ किलो. ४७.६ हा आकडा असा तिरपागडा का, यालाही कारण आहे. युरोपात मधल्या टप्प्याच्या परवान्यावर ३५ किलोवॅटपर्यंतचीच गाडी चालवता येते, आणि ३५ किलोवॅट म्हणजे ४७.६ पीएस. गाडी त्या रेषेला टेकवूनच बनवली आहे. तीन किलो जास्त वजनात साडेआठ पीएस जास्त. पुढच्या ब्रेकला ३२० मिलिमीटरची डिस्क आणि ती चिमटीत धरणारं चार पिस्टनचं रेडियल कॅलिपर; माझ्याकडे २९० मिलिमीटर आणि दोन पिस्टन. तिला पुढे उलटे फोर्क, म्हणजे चाकाला धरणारे शॉकअप, ॲल्युमिनियमची फ्रेम, मागचं चाक घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल, ब्रेक गच्च दाबला तरी चाक जाम होऊ न देणारं एबीएस, रंगीत पडदा. माझ्याकडे मधोमध मोठा, काट्याने आरपीएम दाखवणारा टॅकोमीटर. आपण कोणत्या गिअरमध्ये आहोत हेसुद्धा माझी गाडी सांगत नाही. आणि माझी बिनएबीएसची.

बाकीच्या गाड्याही पुढे गेल्या आहेत. यामाहाची आर३ २०१५मध्ये आली तीच ३२१ सीसी आणि ४२ पीएस घेऊन. केटीएमच्या आरसी ३९०ला २०२२पासून गाडी कललेली असतानाही नीट काम करणारं एबीएस आहे. मनाला सर्वांत लागली ती मात्र कावासाकीचीच निन्जा ४००. २०१८मध्ये ती आली तेव्हा इंजिन शंभर सीसीने मोठं, तरी युरोपातल्या आकड्यांप्रमाणे वजन १६८ किलो, म्हणजे माझ्या गाडीपेक्षा चार किलो कमी. जाळीदार नळ्यांची नवी फ्रेम, तिच्यात इंजिनच गाडीचा सांगाडा म्हणून भार घेतं. घरातल्याच धाकट्या बहिणीने मागे टाकावं तसं ते झालं.

त्या रात्री मी या घराण्याची जुनी माहिती काढून वाचत बसले, आणि जरा धीर आला. कारण ही गाडी जुनी झाली, हे वाक्य या घराण्याच्या कानावर फार लवकर पडलेलं आहे. दोन सिलिंडरची २५० सीसी निन्जा अमेरिकेत १९८८ साली ज्या रूपात आली, जवळजवळ त्याच रूपात २००७पर्यंत विकली गेली. वीस वर्षं! कार्बोरेटर, १६ इंची चाकं, तेच इंजिन. या वीस वर्षांत मोठ्या स्पोर्ट बाइक्स दर दोन-चार वर्षांनी नव्या होत गेल्या. ही जिथल्या तिथे. आणि तरी किती माणसं वळण घ्यायला हिच्यावरच शिकली. २००८मध्ये नवं अंग आलं, १७ इंची चाकं आली, पण अमेरिकेतल्या गाडीत कार्बोरेटर तसाच राहिला. २०११मध्ये होंडाने सीबीआर २५०आर आणली, एकच सिलिंडर पण फ्युएल इंजेक्शन, आणि हवं तर एबीएसही. तेव्हाही लोकांनी निन्जाला म्हातारीच म्हटलं असणार.

मग कावासाकीने जे केलं ते मला अजून आवडतं. २५०च्या सिलिंडरचा व्यास होता ६२ मिलिमीटर आणि पिस्टनचा प्रवास, म्हणजे स्ट्रोक, ४१.२. त्यांनी व्यासाला हात लावला नाही; स्ट्रोक ४९ केला. गुणाकार करून बघा, २४९चे २९६ सीसी होतात. ही माझी गाडी. पुढे निन्जा ४०० पूर्ण नव्याने आखली, ७० बाय ५१.८. आणि २०२४मध्ये तिची निन्जा ५०० करताना परत तीच युक्ती: व्यास ७०च, स्ट्रोक ५८.६, झाले ४५१ सीसी. यामाहाने याच्या बरोबर उलट केलं. त्यांच्या २५० सीसीच्या आर२५ची आर३ करताना स्ट्रोक ४४.१च ठेवला आणि व्यास ६०वरून ६८वर नेला. स्ट्रोक आखूड असला की प्रत्येक फेऱ्यात पिस्टनला कमी पळावं लागतं, म्हणून इंजिन वरच्या आरपीएमलाही हसतमुख राहतं. एकाच वर्गातल्या दोन गाड्यांचे स्वभाव वेगळे का, याचं बरंचसं उत्तर अशा दोन-चार मिलिमीटरमध्ये असतं.

हे वाचलं तेव्हा एक गोष्ट मात्र मला मान्यच करावी लागली. माझ्या गाडीचा २७ न्यूटन मीटर टॉर्क १०,००० आरपीएमला येतो. निन्जा ५००चा ४२.६ न्यूटन मीटर येतो तो ६,०००लाच. शंभराच्या वेगाला सहाव्या गिअरमध्ये माझा काटा सात हजारांच्या आसपास असतो, आणि तिथे थ्रॉटल पिळला तर गाडी पुढे जाते पण ओढत नाही. खाली दोन गिअर टाकावे लागतात. भाच्याच्या गाडीवर चढणीला मी ट्रकच्या मागे होते. गिअर न बदलता नुसतं मनगट वळवलं आणि ट्रक मागे गेला. हा फरक खरा आहे, आणि कितीही ऑइल बदललं तरी तो जाणार नाही.

पण वळताना अडणारं हँडल? लिबलिबीत ब्रेक? मनगटात येणाऱ्या भेगा? यांचा सीसीशी काय संबंध?

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी धुवायला घेतली. विकायची तर फोटो चांगले हवेत, हाच हेतू. पुढचं चाक पुसताना टायरच्या बाजूला लंबगोलात उठवलेले चार आकडे फडक्याखालून वर आले: ३११६. टायर कधी बनला ते या चार आकड्यांत असतं. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे २०१६ सालचा एकतिसावा आठवडा. मी खाली बसले आणि वर्षं मोजली. नऊ. या नऊ वर्षांत माझ्या बदल्या झाल्या, आजारपणं झाली, गाडी कित्येक महिने झाकून उभी राहिली, आणि टायरची नक्षी खोल दिसते म्हणून तो चांगला आहे असं मी धरून चालले. अंगठ्याचं नख रबरात दाबलं. नख घसरलं. खोबणीच्या तळाशी पाण्याने भिजून काळ्या झालेल्या केसासारख्या भेगा दिसत होत्या, एकीपासून दुसरी फुटलेली, उन्हाळ्यातल्या तळ्याच्या बुडासारख्या.

रबर वापरल्याने झिजतं हे सगळ्यांना दिसतं. ते नुसतं उभं राहूनही म्हातारं होतं, हवेतल्या ऑक्सिजनने, उन्हाने, आणि कडक झालं की रस्त्याच्या बारीक खडबडीत खाचांमध्ये शिरायचं विसरतं. साधारण सल्ला असा, की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावा आणि दहाच्या पुढे नेऊच नये. मी दहाच्या दारात उभी होते आणि गाडीला दोष देत होते.

फोटो काढायचे राहिले. त्याऐवजी मी वही काढली आणि गाडीवर जे जे रबर आहे, जे जे पातळ आहे आणि जे जे फिरतं आहे त्याची यादी केली.

सर्वांत जास्त धक्का शॉकअपने दिला. बारा वर्षांत इंजिन ऑइल मी एकदाही चुकवलं नाही, पण पुढच्या फोर्कमध्ये ऑइल असतं आणि तेही बदलायचं असतं, हे माहीत असून मनावर घेतलं नव्हतं. बाहेरून काही दिसत नाही, गळत नाही, मग कशाला. दोन्ही फोर्क उतरवले, वरच्या टोप्या उघडल्या, आणि भाच्याने एक नळी डब्यात उपडी धरली. आधी काहीच आलं नाही. मग जे आलं त्याचा वास कुजक्या मासळीचा होता. रंग राखाडी, आणि डबा हलवला की वर चंदेरी चमक फिरायची, आतल्या धातूची झीज होऊन मिसळलेली भुकटी. ऑइलचं काम स्प्रिंगची उसळी आवरण्याचं. हे पाणी कुणाला काय आवरणार होतं? नवं ऑइल ओतताना ते मधासारखं संथ उतरलं, आणि नळी वर-खाली दाबताना हाताला जो एकसारखा विरोध जाणवला तो मी गाडी नवी असताना कधीतरी ओळखत होते.

पुढचं चाक उचलून धरलं होतं तेव्हा भाचा सहज हँडल डावी-उजवीकडे फिरवत होता. थांबला. "मावशी, हे मधेच अडतंय बघ."

मी एका बोटाने फिरवून पाहिलं. बरोबर मध्यावर, हँडल सरळ असताना, एक बारीकशी खाच. बोट त्यातून बाहेर काढायला किंचित जोर लागायचा. कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंगची जोडी, गेला होता. सरळ रस्त्यावर हजारो किलोमीटर एकाच जागी धक्के खाऊन बेअरिंगच्या गोळ्या आपल्या बैठकीत खड्डे पाडतात; मग हँडलला सरळच बसायची सवय लागते. वळण आलं की आधी त्या खड्ड्यातून बाहेर पडायचं आणि मग आत झुकायचं. आधी अडणं आणि मग एकदम पडणं, ते हेच. मी त्याला गाडीचा जुना स्वभाव समजत होते. नवा कोनसेट मेकॅनिककडून बसवून घेतला, कारण बैठका ठोकून बसवायला जी हत्यारं लागतात ती माझ्याकडे नाहीत.

चेनचं आधी खरं वाटेना. ताण नीट आहे, मी महिन्याला बघते. पण मागचं चाक हळूहळू फिरवत प्रत्येक बोटभर अंतरावर ताण मोजला तेव्हा कळलं, की एका जागी चेन ताठ आणि अर्ध्या फेऱ्यानंतर चांगली ढिली. ती सगळीकडे सारखी वाढलेली नव्हती. तीन-चार कड्या तर बोटाने वाकवूनही सरळ होईनात. कमी वेगातले ते झटके मी वर्षभर फ्युएल इंजेक्शनच्या माथी मारत होते. पुढचं १४ दात्यांचं, मागचं ४२ दात्यांचं, दोन्ही स्प्रॉकेटसकट चेन बदलली आणि झटके त्याच दिवशी गेले.

ब्रेक ऑइलचा रंग कोऱ्या चहासारखा झाला होता. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ प्रतीचं ऑइल कोरडं असताना निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये अशी अट असते. पाणी मुरल्यावर ती मर्यादा १५५वर येते. घाट उतरताना सारखा ब्रेक लावला की आत वाफेचे बुडबुडे, आणि लिव्हर मऊ. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतं त्या कोरड्या पडल्या होत्या, म्हणून एकच पॅड एका बाजूने झिजलेलं. साफ केल्या, ग्रीस लावलं, पॅड नवे, ऑइल नवं. ब्रेक ऑइल वाहून नेणारे रबरी होज अजून जुनेच आहेत, ते या यादीत शेवटी उरलेत.

आणि अर्थात टायर. दोन्ही.

एवढं झाल्यावर आम्ही दोघं एका रविवारी पहाटे घाटात गेलो, तो त्याच्या गाडीवर, मी माझ्या. नव्या टायरवर पहिले दीडशे किलोमीटर जपून चालवायचं असतं, ते मी आधीच्या आठवड्यात उरकून घेतलं होतं.

पहिल्याच डाव्या वळणावर मी नेहमीच्या सवयीने हँडलला जोर दिला आणि गाडी मला हवी होती त्यापेक्षा आत गेली. अडणं नव्हतं, तरी हात अजून अडण्याची तयारी करून बसले होते. चार-पाच वळणांनंतर हातांनी ते सोडून दिलं. मग जे सुरू झालं ते लिहून नीट सांगता येईल का, मला शंका आहे. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधली वळणं, काटा सात हजारांच्या वर, आणि त्या इंजिनाचा सूर चढत जातो. माझ्या गाडीत दोन पिस्टन एकमेकांच्या विरुद्ध चालतात, क्रँकवर, म्हणजे पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात त्यावर, १८० अंशांनी मांडलेले. एक स्फोट, मग १८० अंशांवर लगेच दुसरा, मग ५४० अंशांची शांतता. वर गेल्यावर त्या जोड्या मिसळून एक ताणलेली तार वाजते. भाच्याच्या गाडीचा क्रँक २७० अंशांचा. तिथे स्फोटांमधलं अंतर २७० आणि ४५०, त्यामुळे ती व्ही आकाराच्या इंजिनासारखी घुमते, खालूनच जोर लावते. वळणातून बाहेर पडताना तो सहज दहा-पंधरा मीटर पुढे जायचा. पुढच्या वळणात शिरताना मी त्याच्या मागे परत लागलेली असायचे.

यात त्याचा नवखेपणा आहे, माझी बारा वर्षांची ओळख आहे, हे मी विसरत नाही. तरी त्या सकाळी गाडी कुठे कमी पडते आणि कुठे पडत नाही हे मला पहिल्यांदा स्वच्छ दिसलं, कारण आता माझ्यासमोर गाडीच होती; नऊ वर्षांचं रबर आणि मासळीच्या वासाचं ऑइल मधे नव्हतं.

क्लच कमी पडत नाही. २०१३मध्ये या वर्गात असिस्ट आणि स्लिपर क्लच मिळणं ही मोठी गोष्ट होती. घाईत खालचा गिअर टाकला तरी मागचं चाक उडत नाही, आणि लिव्हर दोन बोटांत येतो. यामाहाच्या आर३ला तो मिळायला २०२५ उजाडलं. टाकी तर आजच्यांपेक्षा सरस. माझ्यात १७ लिटर मावतं. निन्जा ४००मध्ये १४, आरएस ४५७मध्ये १३. लांबच्या प्रवासात हा आकडा मला कुठल्याही रंगीत पडद्यापेक्षा मोलाचा वाटतो. बसण्याची ठेवणही माणसाला सोसेल अशी आहे, हँडल फार खाली नाही. चार तासांनंतर माझं मनगट बोलत नाही. काट्याचा टॅकोमीटर मला हवाच आहे. वळणात आकडा वाचता येत नाही, काट्याचा कल डोळ्याच्या कोपऱ्यातून कळतो.

या लहान गाड्यांकडे शिकायचं खेळणं म्हणून बघणाऱ्यांना मी एक गोष्ट नेहमी सांगते. या वर्गाची जागतिक शर्यत, सुपरस्पोर्ट ३००, २०१७मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पोर्तुगालच्या पोर्तिमाओ ट्रॅकवर स्पेनच्या आना कारास्कोने शर्यत जिंकली, आणि मोटरसायकलच्या वैयक्तिक जागतिक स्पर्धेत शर्यत जिंकणारी ती पहिली स्त्री ठरली. तिची गाडी होती निन्जा ३००. पुढच्या वर्षी तिने अख्खं जगज्जेतेपद एका गुणाने मिळवलं, पण ते निन्जा ४००वर. मी ही दोन्ही वाक्यं एकत्रच सांगते. पहिल्याने माझी मान ताठ होते, आणि दुसरं लपवणं बरोबर नाही. शर्यतीत उतरायचं असेल तर नवी गाडीच हवी.

आणि एबीएस. इथे माझ्याकडे काही उत्तर नाही. दोन वर्षांपूर्वी पावसाच्या पहिल्या सरीत, रस्त्यावरचं तेल वर आलेलं असताना, समोरच्या गाडीचे लाल दिवे अचानक पेटले आणि मी ब्रेक गच्च दाबला. पुढचं चाक थांबलं. गाडी चालत होती, चाक थांबलं होतं, आणि हँडल हातात मेल्यासारखं हलकं झालं. मी लिव्हर सोडला, चाक फिरलं, गाडी सावरली, समोरची गाडी एका हातावर राहिली. हे सगळं एका श्वासात. त्यात चूक माझीच होती, मी घाबरून दाबलं, आणि तो जुना कडक टायर होता. पण घाबरलेल्या माणसानेही उभं राहावं म्हणूनच तर एबीएस असतं. नवा टायर बसवल्यावर पावसात पकड पुष्कळ सुधारली; त्या हलक्या हँडलची आठवण तशीच आहे.

म्हणून आज कुणी नवशिक्याने मला विचारलं, की स्वस्तात मिळतेय तर दहा-बारा वर्षांची बिनएबीएसची गाडी घेऊ का, तर मी नको म्हणते. त्याच गाडीचं एबीएसवालं मॉडेल शोध म्हणते, नाहीतर थोडं थांब आणि नवी घे. ताकद कमी असण्याने शिकणाऱ्याचं काही बिघडत नाही, उलट बरंच होतं. ३९ पीएस पुरते वापरायला शिकायलाच मला तीन-चार वर्षं लागली. राइडिंग मोड, पडदा, फोनशी जोडणी, यांवाचूनही काही अडत नाही. एबीएसचं तसं नाही. आणि ज्याच्याकडे आधीच जुनी गाडी आहे त्याने विकायच्या आधी टायरवरचे आकडे वाचावेत, फोर्कचं ऑइल काढून बघावं, पुढचं चाक उचलून हँडल एका बोटाने फिरवावं. मग नव्या गाडीवर बसावं. नाहीतर तो नव्या गाडीची तुलना स्वतःच्या हलगर्जीपणाशी करेल, मी केली तशी.

घाटाच्या माथ्यावर आम्ही गाड्या बदलल्या. माझ्या गाडीवर तो पहिल्यांदाच बसत होता. पहिला गिअर टाकला, मग उभ्या उभ्याच दुसरा टाकायला पाय उचलला, परत उचलला.

"मावशी, दुसरा पडतच नाही गं."

"उभ्या गाडीत नाही पडायचा. चालायला लाग, मग पडेल."

कावासाकीची ही जुनी सोय. गिअरच्या आत लहान पोलादी गोळ्या असतात. गाडी उभी असली की त्या खाली येऊन वाट अडवतात, त्यामुळे पहिल्यातून वर उचललं की न्यूट्रलच लागतो. चाक फिरू लागलं की गोळ्या बाहेर फेकल्या जातात आणि दुसरा मोकळा. सिग्नलला न्यूट्रल शोधत बसावं लागू नये म्हणून कुणीतरी हे सुचवलं, आणि त्यात ना तार आहे ना बटण. मी हे सांगितल्यावर तो खाली वाकून गिअरबॉक्सकडे बघत राहिला, जणू गोळ्या बाहेरून दिसणार होत्या.

मग तो गेला. मी त्याच्या गाडीला टेकून आवाज ऐकत होते. आधी बराच वेळ खालचा, संकोचलेला सूर. तो काटा सहा हजारांच्या आत ठेवून चालवत होता, त्याच्या गाडीची सवय. पलीकडच्या डोंगराच्या कुशीत रस्ता वळून परत समोर येतो, तिथे तो दिसला, आणि तिथेच त्याने गिअर न बदलता थ्रॉटल उघडाच ठेवला. सूर चढला, अजून चढला, ती तार ताणली गेली. मला आरपीएम ऐकू येतात. नऊ हजार. दहा. मग गिअर.

वीस मिनिटांत येतो म्हणाला होता, पाऊण तासाने आला. हेल्मेट काढलं, हातमोजे टाकीवर ठेवले, बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सातपर्यंत वाटलं, काहीच नाहीये हिच्यात." आणि हाताने नुसतंच वर जाणारं काहीतरी दाखवलं.

विकायचा विचार सोडून दिला आहे. ब्रेकचे होज मागवलेत. या वर्षी पाऊस सुरू झाला तेव्हा निन्जा मी झाकून ठेवली, आणि ओल्या रस्त्याने लांब जायचं असलं की आदल्या रात्री भाच्याला फोन करून त्याची गाडी मागून घेते.